आधी छत, मग टाईल्स

दिवाळी आटोपली, कापूस-सोयाबीनचे चार पैसे हाती आले, की वर्ध्याच्या सेलू तालुक्यात मिस्त्र्यांना भाव येतो. रेती, गिट्टी, लोहा यांचे दर चौकाचौकात विचारले जातात. कोणी जुनं कवेलूचं घर पाडून स्लॅबचं बांधायला काढतो, कोणाला घरकुल मंजूर झालेलं असतं, तर कोणाचा मुलगा पुण्याहून पैसे पाठवतो आणि म्हणतो, "बाबा, आता नीट घर बांधून टाका." अशा सगळ्यांशी पाया खोदायच्या आधीच बोलायचं आहे. एकदा सेंट्रिंग लागलं की कोणी ऐकून घेत नाही, आणि ऐकलं तरी उपयोग नसतो.

आपल्याकडे घराचा हिशेब मांडताना बोलणं सुरू होतं ते समोरच्या एलिव्हेशनपासून. मग बैठकीतल्या मोठ्या टाईल्स, पीओपी, पोर्चचे गोल खांब, स्टीलचं रेलिंग. या सगळ्यात पैसे संपतात आणि छतासाठी, खिडक्यांसाठी, न्हाणीघरासाठी उरतं ते "नंतर पाहू". माझं सांगणं उलटं आहे. घराचं पहिलं काम आत राहणाऱ्याला रात्री झोप येऊ देणं हे आहे. सेलूसारख्या ठिकाणी मार्चपासून जूनपर्यंत जे घर झोपू देत नाही, ते कितीही देखणं असलं तरी फसलेलं घर समजा. झोप मोडली की दुसऱ्या दिवशी डोकं भणभणतं, पोरांवर विनाकारण हात उगारला जातो, बीपी-शुगरच्या माणसाचे आकडे वर जातात. हे आठवडाभर चाललं की घरात भांडणं सुरू होतात. लोक ती भांडणं स्वभावावर टाकतात. स्लॅबकडे कोणी बोट दाखवत नाही.

आता उन्हाचा हिशेब पाहू. आपलं गाव साधारण २१ अंश अक्षांशावर आहे. त्यामुळे मे महिन्यात, २४-२५ तारखेच्या आसपास, भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली त्याच्याच पायाशी गोळा होते. आपला नवतपा सुरू होतो तोही त्याच सुमारास, २५ मेपासून. म्हणजे वर्षातल्या सगळ्यात जहाल दिवसांत ऊन आपल्या भिंतींवर कमी आणि छतावर जास्त पडतं. पारा ४५ च्या वर गेलेला असतो. चार-पाच इंची काँक्रीटचा स्लॅब सकाळपासून ते ऊन पीत राहतो आणि संध्याकाळी सात-आठला, आपण जेवायला बसतो तेव्हा, खाली सोडायला लागतो. मध्यरात्रीपर्यंत त्याचं हे काम चालू असतं. बाहेर अंगणात हवा उतरलेली असते आणि आत खोली तापलेलीच. पंखा लावला तर तो वर साठलेली गरम हवाच अंगावर ढकलतो. माणसाला गाढ झोप लागायची तर शरीराचं आतलं तापमान थोडं खाली यावं लागतं. वर तापलेला स्लॅब असताना ते नीट उतरत नाही.

जुन्या घरांना ही अडचण कमी होती. वर कवेलू, खाली लाकूड-मातीचा माळा आणि दोन्हींच्या मध्ये मोकळी हवा. दीड-दीड हाताच्या मातीच्या भिंतींना दिवसाचं ऊन आत पोचवायला रात्र व्हायची, तोवर बाहेर गार झालेलं असायचं. पण म्हणून मातीच्या घरात परत जा, असं मी सांगणार नाही. दरवर्षी मृगाच्या आधी कवेलू फेरायचे, माकडांनी फोडलेले बदलायचे, उधई लागलेली लाकडं काढायची, भिंतीच्या बिळांतून साप-विंचू निघायचे. हे सगळं ज्या बायांनी आणि गड्यांनी केलं त्यांना स्लॅब का हवा झाला, ते मला कळतं. स्लॅब बांधा. फक्त त्याला उघडा ठेवू नका.

त्यासाठी उपाय आहेत आणि ते महाग नाहीत. सगळ्यात स्वस्त म्हणजे चुना. स्लॅब नीट झाडून-धुऊन, चुन्यात थोडं पांढरं सिमेंट आणि चिकटपणासाठी डिंक किंवा फेविकॉल घालून, होळीच्या सुमारास दोन हात मारायचे. पांढरा रंग ऊन परत फेकतो. अहमदाबादेत २०१० च्या मे महिन्यात उष्णतेच्या लाटेत एरवीपेक्षा तेराशेच्या वर जास्त माणसं दगावली. त्यानंतर त्या शहराने २०१३ मध्ये उष्णतेसाठी स्वतंत्र कृती आराखडा केला आणि पुढे गरीब वस्त्यांतली छपरं पांढरी करण्याची मोहीम घेतली. तेलंगणाने तर २०२३ मध्ये थंड छपरांसाठी धोरणच आणलं. नुसत्या पांढऱ्या छताने खोलीत दोन-चार अंशांचा फरक पडतो. ऐकायला तो थोडा वाटतो, पण रात्री अकराला झोप लागणं आणि दीडला लागणं यातलं अंतर तेवढंच असतं. चुना पावसाळ्यात धुऊन जातो, म्हणून दरवर्षी मारावा लागतो. ज्यांच्याकडे थोडे जास्त पैसे आहेत त्यांनी नव्या स्लॅबवर वॉटरप्रूफिंग करतानाच पांढऱ्या फुटक्या टाईल्सच्या तुकड्यांचं चायना मोझॅक करून घ्यावं. दुकानदाराकडे फुटका माल स्वस्तात मिळतो आणि गळतीही थांबते.

दुसरा उपाय सावलीचा. स्लॅबवर टिनाचा शेड अनेकजण टाकतात, तो पावसासाठी. तोच शेड उन्हालाही अडवतो, अट एकच: टिन आणि स्लॅब यांच्यात माणूस वाकून जाईल एवढी जागा हवी आणि दोन बाजू उघड्या हव्यात, म्हणजे मधली तापलेली हवा वाऱ्याबरोबर निघून जाईल. चारही बाजूंनी बंद केलेला शेड म्हणजे डोक्यावर भट्टी. सौर पॅनेल लावणार असाल तर तेही सावलीच देतात. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान आहे. पॅनेल झोपायच्या खोलीच्या वर येतील असे लावायला सांगा. बसवणारा स्वतःहून हे विचारणार नाही, त्याला फक्त दक्षिण दिशा आणि वायरची लांबी दिसते.

दिशेचा विषय निघालाच आहे. दक्षिणमुखी प्लॉट आपल्याकडे स्वस्त जातो, कारण वास्तूवाला घाबरवतो. उन्हाच्या हिशेबाने पाहिलं तर दक्षिणेची भिंत गरीब आहे बिचारी. उन्हाळ्यात दुपारचा सूर्य डोक्यावर असतो, दोन फुटांच्या छज्ज्यानेही ती सावलीत जाते. आणि थंडीत सूर्य दक्षिणेला कलतो तेव्हा त्याच भिंतीतून कोवळं ऊन आत येतं. त्या उन्हात म्हाताऱ्यांनी बसावं, लेकरांना तेल लावून खेळवावं. खरी वैरीण पश्चिमेची भिंत. दुपारी तीनपासून दिवस मावळेपर्यंत ऊन आडवं येतं, छज्ज्याच्या खालून घुसतं. जून महिन्यात तर सूर्य मावळतो तोच वायव्येकडे, म्हणजे उत्तरेची भिंतही संध्याकाळी सुटत नाही. तेव्हा दक्षिणमुखी प्लॉट कमी दरात मिळत असेल तर खुशाल घ्या आणि वाचलेले पैसे पश्चिमेवर लावा.

पश्चिमेला काय करायचं? झोपायची खोली तिकडे ठेवू नका. जिना, संडास-न्हाणी, सामानाची खोली, गोठा असेल तर गोठ्याची भिंत, असं काहीतरी त्या बाजूला घाला, म्हणजे ऊन त्यांच्यावर पडेल. भिंत विटेची असेल तर मिस्त्रीला रॅट-ट्रॅप बाँडने बांधता येते का विचारा. त्यात विटा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या लावतात, भिंतीत पोकळी राहते, विटाही सुमारे पाव हिश्शाने कमी लागतात आणि ती पोकळी ऊन अडवते. लॉरी बेकर नावाच्या इंग्रज वास्तुरचनाकाराने केरळात अशी शेकडो घरं बांधली. स्थानिक सामानातून घर बांधण्याची दृष्टी आपल्याला गांधीजींच्या बोलण्यातून मिळाली, असं तो सांगत असे. आणि आवारात जागा असेल तर पश्चिमेला झाड लावा. सेलूचं नाव एकेकाळी केळीसाठी होतं. केळीच्या बागायतदाराला कोणी शिकवावं लागत नव्हतं, तो उन्हाच्या झळा येतात त्या बाजूने शेवरीची दाट रांग लावल्याशिवाय बाग धरत नसे. केळीला जी आड दिली ती माणसांच्या घराला द्यायला काय हरकत आहे? कडुनिंब सावकाश वाढतो, पण शेवगा, शेवरी, पपई वर्षा-दोन वर्षांत भिंत झाकतात. आवारभर सिमेंटचे गट्टू बसवण्याची जी साथ आली आहे तिच्यापासून मात्र लांब राहा. चिखल होऊ नये म्हणून चालायच्या वाटेवर बसवा. बाकी जमीन मातीचीच असू द्या. गट्टू रात्री नऊपर्यंत तापलेले असतात आणि पावसाचं पाणीही मुरू देत नाहीत.

खिडक्यांबद्दल एक आकडा लक्षात ठेवा. राष्ट्रीय बांधकाम संहितेप्रमाणे कोरड्या-उष्ण प्रदेशात खिडक्यांचं क्षेत्रफळ जमिनीच्या किमान दहाव्या हिश्शाएवढं हवं. म्हणजे १० बाय १२ च्या खोलीला १२ चौरस फूट, ३ बाय ४ ची एक खिडकी. पण हल्ली सगळीकडे स्लायडिंगच्या खिडक्या लागतात आणि स्लायडिंग खिडकी सहसा अर्ध्यापेक्षा जास्त उघडत नाही. कागदावर १२ फूट, हवेला ६. पल्ल्यांची खिडकी करा, बाहेरून जाळी लावा. आणि एका भिंतीत मोठी एक करण्यापेक्षा समोरासमोरच्या भिंतींत लहान दोन बऱ्या. हवेला यायला वाट हवी तशी जायलाही हवी. वर छताजवळ एखादा झरोका ठेवलात तर गरम हवा तिथून निघते. आपल्या आज्या उन्हाळ्यात सकाळी नऊला खिडक्या लावून घ्यायच्या आणि संध्याकाळी उघडायच्या. नव्या घरातही तेच करायचं आहे, पण रात्री खिडकी उघडता यावी यासाठी गज मजबूत हवेत आणि डासांची जाळी हवी. नाहीतर चोराच्या आणि डासाच्या भीतीने खिडकी बंद राहते आणि सगळा खटाटोप वाया जातो.

कूलरचं काय, असं कोणीतरी विचारणारच. कूलर वाईट नाही. आपल्या कोरड्या हवेत तो उत्तम चालतो आणि एसीपेक्षा कितीतरी कमी वीज खातो. पण बंद खोलीत ठेवलेला कूलर तीच ओली हवा फिरवत बसतो, घाम वाळत नाही आणि अंग चिकचिकतं. तो खिडकीत हवा, पाठ बाहेर, शक्यतो उत्तरेच्या किंवा पूर्वेच्या सावलीत. आणि समोरची खिडकी बोटभर उघडी. दर आठवड्याला टाकी रिकामी करून आतून घासा. नुसतं पाणी बदलून भागत नाही, कारण डेंग्यूच्या डासाची अंडी कडेला चिकटलेली असतात. आणि ज्याच्यापायी दरवर्षी विदर्भात जीव जातात ते: कूलरच्या बोर्डाला अर्थिंग आहे का, हे वायरमनकडून तपासून घ्या, मीटरजवळ ईएलसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवा, पाणी भरताना प्लग काढा. पीओपीच्या एका खोलीचे पैसे वाचवले तर घरभर अर्थिंग आणि ईएलसीबी दोन्ही होतात.

इथवर शरीराचं झालं. मनाचं बोलायचं तर सेलूहून फार लांब जावं लागत नाही; सेवाग्राम आपल्याच जिल्ह्यात आहे. शाळेच्या सहलीत आपण सगळेच बापूकुटी पाहून आलो आहोत. नमस्कार केला, फोटो काढला, परत आलो. आता घर बांधायच्या आधी एकदा जा आणि मिस्त्रीच्या नजरेने पाहा. गांधीजी १९३६ मध्ये शेगावात राहायला आले. शेगाव नावाने बुलढाण्याच्या शेगावशी टपालाचा घोळ व्हायचा म्हणून पुढे १९४० मध्ये गावाचं सेवाग्राम झालं. घराला शंभर रुपयांपेक्षा जास्त खर्च होऊ नये आणि सामान जवळपासचं, मजूर गावचे असावेत, असा त्यांचा आग्रह होता. पहिल्यांदा बांधलं ते आदि-निवास. आज जिला बापूकुटी म्हणतात ती मीराबहननी स्वतःसाठी बांधली होती, गांधीजी नंतर तिथे राहायला गेले.

या घराची आरती ओवाळायची नाही. आले त्याच वर्षी, १९३६ च्या सप्टेंबरात, गांधीजींना शेगावात हिवताप झाला आणि त्यांना वर्ध्याच्या दवाखान्यात ठेवावं लागलं. परिसरात पाणी साचत होतं, डास होते, सापही निघत. माती आणि बांबू पवित्र असतात म्हणून माणूस आजारी पडत नाही, असं काही नाही. आजही डासांची जाळी नसलेलं, सांडपाणी दारात साचणारं मातीचं घर आरोग्याला घातकच. पण त्या कुटीच्या आखणीत शिकण्यासारखं बरंच आहे. इव्हान इलिच नावाचा विचारवंत १९७८ च्या जानेवारीत सेवाग्रामला आला होता. त्या झोपडीत तो बराच वेळ बसला आणि नंतरच्या भाषणात त्याने तिथल्या जागा एकेक करून मोजल्या: चपला काढून मन आत यायला तयार होईल अशी दाराजवळची जागा, सगळ्यांनी बसायची मधली खोली, कामाची जागा, पाहुण्याची, आजाऱ्याची, उघडा व्हरांडा आणि ऐसपैस न्हाणी. एवढ्याशा घरात आजाऱ्यासाठी वेगळी जागा आहे! आपण बाराशे फूट बांधतो आणि आजोबांना पक्षाघात झाला की त्यांची खाट बैठकीत टीव्हीसमोर नाहीतर पोर्चमध्ये टिनाखाली येते. कोणी आजारी पडणारच नाही असं समजून आपण घरं बांधतो.

सेवाग्रामातली दुसरी शिकवण बा-कुटीत आहे आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. आदि-निवासात सगळे एकत्र राहत. पाहुणे, कार्यकर्ते यांची सतत वर्दळ. कस्तुरबांना तिथे आडोसा मिळेना, त्यांची गैरसोय व्हायची. शेवटी जमनालाल बजाज यांनी त्यांच्यासाठी वेगळी कुटी बांधून घेतली, तीच बा-कुटी. ज्या आश्रमात कोणाचं स्वतःचं असं काही नव्हतं, तिथेही एका बाईला स्वतःचं दार लागलं. आपल्या घरातल्या बाईला विचारा, दुपारी अर्धा तास पाठ टेकायला, कपडे बदलायला, कोणाशी फोनवर मन मोकळं करायला तिची जागा कोणती? बहुतेक घरांत उत्तर स्वयंपाकघर असं येतं. आणि तेच घरातलं सगळ्यात लहान, सगळ्यात गरम, पश्चिमेच्या कोपऱ्यात ढकललेलं असतं. नकाशा काढताना घरातल्या बायांना समोर बसवा. ओटा कोणाच्या उंचीने ठेवायचा, खिडकी ओट्याच्या समोर हवी की बाजूला, चूल पेटत असेल तर धूर कुठून जाईल, हे मिस्त्रीला काय ठाऊक? गॅस आला तरी सिलिंडर महाग म्हणून पाणी तापवायला चूल पेटतेच. ती घराबाहेर, छपरी काढून ठेवा. लहान लेकरू कडेवर असताना त्या धुरात उभं राहणं दोघांच्याही फुप्फुसांना सोसत नाही.

आणि ओसरी. आपण सगळ्यात सहज जी मोडली ती हीच. जुन्या घराला रस्त्याकडे ओसरी होती, नाहीतर निदान दाराशी ओटा. म्हातारा माणूस तिथे बसायचा, जाणाऱ्या-येणाऱ्याला हटकायचा, पावसाचं बोलायचं, बाजारभावाचं बोलायचं. आता तिथे सहा फुटांची कंपाऊंड वॉल आहे, लोखंडी गेट आहे आणि गेटच्या आत गाडी. म्हातारा आत टीव्ही पाहतो. दिवसाकाठी चार माणसांशी दोन शब्द बोलणं हे औषधाच्या गोळीसारखं काम करतं. ती गोळी आपण नकाशातून खोडली. भिंत बांधायचीच तर कमरेएवढी बांधा, वर जाळी लावा. गाडीच्या पोर्चला दोन फूट कमी द्या आणि तिथे बसायचा ओटा करा. बंगई टांगायची असेल तर स्लॅब भरायच्या आधीच हूक टाकायला सांगा, नंतर ड्रिल मारून टांगलेली बंगई भरवशाची नसते.

वयस्कांच्या न्हाणीघराबद्दल थोडक्यात, पण हे टाळू नका. चकचकीत टाईल ओली झाली की निसरडी होते आणि सत्तरीतल्या माणसाचं खुब्याचं हाड मोडलं की त्याच्या पुढच्या वर्षभराचं काही खरं नसतं. न्हाणी-संडासात खरबरीत टाईल लावा; ती स्वस्तही असते. कमोडशेजारी धरायला दांडा बसवा. दार तीन फुटांचं ठेवा आणि ते बाहेर उघडू द्या, कारण आत पडलेला माणूस आत उघडणाऱ्या दाराला अडकतो आणि कोणाला आत जाता येत नाही. आई-वडिलांची खोली खालीच, संडासाला लागून. वरची खोली, स्लॅबच्या थेट खालची, तरण्या पोरांना द्या.

आता शेतकरी घरांसाठी, म्हणजे आपल्या बहुतेक घरांसाठी. फवारणीच्या औषधाची जागा कोणी नकाशात दाखवत नाही. डबे माळ्यावर, पलंगाखाली, धान्याच्या पोत्यामागे, मिळेल तिथे ठेवलेले असतात. २०१७ च्या पावसाळ्यात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले, ते आपल्याला विसरता येणार नाही. घराबाहेर, विहिरीपासून लांब, एक लहान कप्पा बांधा, त्याला लोखंडी दार आणि कुलूप. त्याच्याजवळच नळ आणि मोरी ठेवा, म्हणजे फवारून आलेला माणूस घरात शिरायच्या आधीच तिथे अंघोळ करेल, फवारणीचे कपडे तिथेच वेगळे धुतले जातील. कुलपाची किल्ली एकाच माणसाकडे ठेवू नका. या कुलपामागे आणखी एक कारण आहे आणि ते मोकळेपणाने बोलायला हवं. कर्जाने, नापिकीने, घरातल्या भांडणाने माणूस टोकाला जातो तो क्षण बहुतेक वेळा फार मोठा नसतो. त्या वेळी विष हाताशी नसलं तर पुष्कळ जीव वाचतात. श्रीलंकेने १९९५ पासून सगळ्यात जहाल कीटकनाशकं टप्प्याटप्प्याने बंद केली आणि पुढच्या वीस वर्षांत तिथलं आत्महत्यांचं प्रमाण निम्म्याच्याही खाली आलं. घरात कोणी गप्प गप्प झालं असेल, जेवत-झोपत नसेल, तर त्याच्याजवळ बसा, आणि १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी क्रमांक आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. तो भिंतीवर लिहून ठेवायला लाज कसली?

झोप उडवणारी आणखी एक गोष्ट घरासोबतच येते, ती म्हणजे घराचं कर्ज. कितीही गार खोली बांधा, हप्ता डोक्यावर असेल तर डोळा लागत नाही. शेजाऱ्याने दोन मजले काढले म्हणून आपण काढायचे नसतात. कॉलम मजबूत घ्या, सळया वर सोडा, मजला पुढच्या पिढीला बांधू द्या. एक खोली कमी आणि व्याज कमी, हा सौदा जिथे करता येईल तिथे करा.

घरकुलवाल्यांचं घर तर लहानच असतं. ग्रामीण योजनेत सपाट प्रदेशासाठी मदत १ लाख २० हजार रुपये, त्यावर रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी आणि संडासासाठी १२ हजार. घर किमान २५ चौरस मीटरचं, त्यात स्वयंपाकाची जागा धरून. या योजनेत ठेकेदार लावायचा नसतो, घर लाभार्थ्याने स्वतः बांधायचं असतं. म्हणजे नकाशाही तुमच्या हातात आहे, कोणी छापील नमुना हातात दिला तर खिडकीची जागा बदलायची मुभा मागा. भिंत नऊ फुटांपेक्षा खाली ठेवू नका. दोन खोल्यांच्या मधल्या भिंतीतही वर झरोका ठेवा, म्हणजे समोरची हवा मागे निघेल. शेवटचा हप्ता टाईल्सवर न घालवता तो छतावर आणि पुढच्या छपरीवर घाला. तळाला कोबा चांगला गार राहतो आणि टाईल्स पाच वर्षांनीही लावता येतात. छताचं पाणी पन्हाळाने भिंतीपासून लांब न्या, नाहीतर ओल चढते, बुरशी धरते आणि दमेकऱ्याला पहिला पाऊसच त्रास देतो. स्वस्त बांधकामाचं प्रत्यक्ष काम बघायचं असेल तर वर्ध्याजवळ दत्तपूरला ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र आहे. देवेंद्रकुमारांनी ते १९७६ मध्ये सुरू केलं. कुंभाराच्या चाकावर घडवलेल्या, एकात एक बसणाऱ्या निमुळत्या नळ्यांची कमानदार छपरं, कमी सिमेंटच्या भिंती असले प्रयोग तिथे झाले आहेत. मिस्त्रीलाही सोबत न्या. मालक पाहून येतो आणि मिस्त्री म्हणतो "असं होत नाही", तिथेच अर्धी कामं अडतात.

ज्यांचं घर आधीच बांधून झालं आहे किंवा जे भाड्याने राहतात, त्यांनी निराश व्हायचं कारण नाही. चुना मारायला घरमालक नाही म्हणत नाही, उलट खूश होतो. पश्चिमेच्या खिडकीबाहेर हातभर अंतरावर हिरवी जाळी किंवा बांबूची चिक टांगा. आतल्या पडद्यापेक्षा बाहेरची चिक कितीतरी जास्त ऊन अडवते, कारण ऊन काचेच्या आत आल्यावर ते थांबवून फारसा फायदा नसतो. खाट पश्चिमेच्या भिंतीपासून ओढून घ्या. न्हाणीत दांडा बसवायला वेल्डरला अर्ध्या दिवसाचं काम. आणि ज्यांचं सेंट्रिंग येत्या आठवड्यात लागणार आहे, त्यांनी उद्या दुपारी चार वाजता मिस्त्रीला प्लॉटवर बोलवा, पश्चिमेकडे तोंड करून उभं करा, आणि विचारा की झोपायची खोली नेमकी कुठे दाखवली आहेस.